आबांचा कोट आणि सांडोरचे मास्तर

वसईला जाणारे लोक किल्ला पाहतात. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला तो किल्ला शाळेच्या पुस्तकात असतो, म्हणून सहली तिकडे वळतात. आपले समाजबांधव एक स्टेशन पुढे जाऊन नालासोपाऱ्याला उतरतात आणि सोपाऱ्याचा स्तूप पाहतात. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो स्तूप उकरून जगापुढे आणला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा सोपाऱ्याला सापडलेला तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. हे सारे पाहावे, मुलाबाळांना दाखवावे. पण वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला सांडोर नावाचे एक गाव आहे, ते मात्र कुठल्याच सहलीच्या यादीत नसते. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्या गावी दोनदा गेलो. पाहायला म्हणून नव्हे, तर एक जुना कोट घेऊन.

स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडले की वसईगावाच्या दिशेने बस मिळते, रिक्षा मिळते. सुरुवातीला दुतर्फा इमारती आणि दुकानांच्या पाट्या. मोबाईल, दागिने, मिठाई, तयार कपडे. मग रस्त्याला हळूहळू झाडे दिसू लागतात. घरांपुढे ओटे येतात, ओट्यांमागे केळी, नारळ आणि विहिरी. 2014 पासून हा सारा भाग पालघर जिल्ह्यात आहे, त्याआधी ठाणे जिल्ह्यात होता. आता महानगरपालिका आली, इमारतीही येऊ लागल्या. पण आतल्या गल्लीत शिरले की अजून वाडीचा ओलसर वास येतो.

सांडोरमध्ये ख्रिस्ती वस्ती मोठी आहे. त्यांची बोली मराठी, प्रार्थना मराठी. आम्ही पहिल्यांदा गेलो तो रविवार होता आणि सेंट थॉमस चर्चमधून लोक नुकतेच बाहेर पडत होते. वयस्क पुरुष पूर्ण बाह्यांचे शर्ट खोचून, कडक इस्त्री करून आलेले. मुलांचे केस विंचरलेले. एखाददुसऱ्या आजीने लुगडे नेसलेले. आम्ही कापडाच्या दुकानात आयुष्य काढलेले, त्यामुळे माणूस दिसला की आमची नजर आधी त्याच्या कॉलरवर जाते, मग चेहऱ्यावर. त्या दिवशी एकही कॉलर मळकी दिसली नाही. कष्टकरी माणूस आठवड्यातला एक दिवस स्वतःच्या कपड्यांना देतो, ही गोष्ट धर्म कुठलाही असो, सारखीच असते. आपल्या वस्तीत 14 एप्रिलला हेच दिसते.

काउंटरच्या आतल्या बाजूने

आम्ही दादरच्या एका दुकानात पुरुषांचे कापड विकत होतो. सुटिंग-शर्टिंगचा काउंटर. सकाळी साडेनऊला शटर वर जाई, रात्री नऊला खाली येई. मधल्या वेळात बसायचे नाही, असा शेटजींचा नियम. गिऱ्हाईक नसले तरी उभे राहायचे, तागे झटकायचे, घड्या नीट करायच्या. पायांच्या शिरा फुगत. आता ऐकतो की केरळने 2018 मध्ये आणि तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगाराला बसण्याचा हक्क कायद्याने दिला. बसण्याचासुद्धा कायदा करावा लागतो, यातच सगळे आले. जुने दिवस आठवून हळवे होणाऱ्यांनी आमच्या पोटऱ्या एकदा पाहाव्यात.

तरी काम मात्र आवडीचे होते, हे सांगितलेच पाहिजे. ताग्याचे टोक धरून काउंटरवर कापड फेकले की ते पाण्यासारखे पसरे. गिऱ्हाईकाच्या खांद्यावर टाकून आरशापुढे उभे करायचे. छत्तीस इंची पन्हा असला तर पूर्ण बाहीच्या शर्टाला सव्वादोन मीटर, अठ्ठावन्न इंची असला तर एक मीटर साठ. पँटला एक मीटर वीस, उंच माणूस असेल तर तीस. सूटला तीन ते सव्वातीन मीटर. हे हिशेब आम्हांला झोपेत विचारले तरी चुकत नसत. माणसाच्या अंगावर नजर टाकून त्याचे माप सांगता येई. आणि त्याच्या खिशाचे मापही. मिलचा कामगार आधी किंमत विचारी, मग कापडाला हात लावी. साहेबलोक आधी हात लावत. आम्ही कामगाराच्या हातात स्वतः होऊन कापड देत असू. हात लावून पाहा, पैसे पडत नाहीत, असे सांगत असू.

फॅशनी आल्या आणि गेल्या. टेरिलिनच्या शर्टाचे कौतुक आमच्या आधीच्या पिढीने केले; इस्त्री लागत नाही म्हणून अभिमानाने घालायचे आणि मुंबईच्या उकाड्यात घामाने भिजायचे. मग बेलबॉटम आली. मग सफारी आली. बँकेतला शिपाई आणि बँकेचा मॅनेजर दोघेही सफारीत दिसू लागले. एप्रिलचा पहिला आठवडा आणि विजयादशमीच्या आधीचे चार दिवस पांढऱ्या कापडाचे. लालबाग, नायगाव, वरळी, डिलाईल रोडकडची आपली माणसे बायकामुलांसह येत आणि घरातल्या सगळ्यांचे एकदम घेत. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेब शुभ्र वस्त्रांत दीक्षेला उभे राहिले, समोरचा जनसमुदायही पांढऱ्या वस्त्रांत होता. तेव्हापासून पांढऱ्या कापडाचा अर्थ आपल्यासाठी बदलला. शेटजींना हे कारण ठाऊक नव्हते. मागणी तेवढी ठाऊक होती.

मग तयार कपडे आले. 1991 मध्ये अंधेरीला शॉपर्स स्टॉप उघडले, ते सुरुवातीला पुरुषांच्या कपड्यांचेच दुकान होते. त्यानंतर मॉल आले. लोक माप द्यायचे विसरले. मोठे, मध्यम, लहान या तीन शब्दांत सगळी माणसे बसू लागली. आमच्या काउंटरवरचे तागे कमी होत गेले आणि दुकानाशी जोडलेले शिलाईचे खाते बंद पडले. त्या खात्यात कटिंग करणारे मास्तर सांडोरचे. दुकान सुटल्यावर ते घरी परतले आणि ओट्यावर मशीन मांडून बसले. आजूबाजूला लग्नसराई आणि नाताळ आला की त्यांना उसंत नसे. ख्रिस्ती नवरदेवाला सूट हवाच, आणि वसईच्या जुन्या घरांत अजूनही लोकांना मापाचा सूट लागतो.

आजी रागावली त्याची गोष्ट

आता कोटाकडे येतो. आमची मुलगी कॉलेजात शिकते. एक दिवस ती पुरुषी मापाचा एक जुना कोट घालून घरी आली. बाह्या बोटांपर्यंत लोंबत होत्या. कोपरावर कापड झिजलेले. आम्ही विचारले, हे काय? ती म्हणाली, "व्हिंटेज आहे, बाबा. मोबाईलवर मिळतात. कुणीतरी वापरलेला, पण बघा ना कापड कसलं आहे."

आम्ही कापड पाहिले. कापड खरेच चांगले होते. पण आतून आई बाहेर आली. आईचे वय ऐंशीच्या पुढे. तिने कोटाच्या बाहीला नुसता हात लावला आणि विचारले, "कुणाचा गं हा?"

"माहीत नाही आजी. कुणाचा तरी जुना."

"म्हंजे उतरलेला."

मुलीला त्या शब्दाचा अर्थ कळला नाही. आम्हांला कळला. आई पुढे काही बोलली नाही, पण त्या दिवशी ती जेवली नाही. रात्री तिने नातीला जवळ बसवले आणि आम्हीही कधी ऐकले नव्हते ते सांगितले.

आई सातारा जिल्ह्यातली. ती सहा-सात वर्षांची असताना दिवाळी झाल्यावर आजीबरोबर मोठ्या वाड्याच्या मागल्या दाराशी जायची. दारातून जुने कपडे यायचे. हातात द्यायचे नाहीत, वरून टाकायचे. ते जमिनीवरून उचलायचे आणि "सुखी राहा मायबाप" असे म्हणायचे. एकदा तिच्या वाट्याला एक परकर आला, चांगला होता, लाल काठाचा. तो नेसून ती खेळायला गेली, तर वाड्यातली तिच्याच वयाची मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, तो माझा आहे. आईने तो परकर पुन्हा अंगाला लावला नाही. "तवापासनं म्या ठरवलं," आई म्हणाली, "फाटकं घालीन, पर माझंच घालीन."

आपल्या घराघरांत अशी एकेक गोष्ट आहे. कुणी सांगते, कुणी पोटात ठेवते. महारकीच्या हक्कांत मढ्यावरचे कापड हाही एक 'हक्क' मोजला जाई. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे घालावीत, असे सांगितले आहे. म्हणजे कापड कुठले घालायचे हे माणसाने ठरवायचे नाही, त्याच्या जन्माने ठरवायचे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला त्या पुस्तकाचे दहन झाले. आणि त्याच परिषदेसाठी जमलेल्या आपल्या मायभगिनींना बाबासाहेबांनी काय सांगितले? लुगडे इतर बायकांसारखे नेसा, अस्पृश्यतेची खूण होणारे दागिने टाका. वस्त्राला ठिगळ असले तर हरकत नाही, पण ते स्वच्छ असू द्या. तुम्ही काय ल्यावे, काय नेसावे, हे दुसऱ्या कुणी ठरवायचे नाही. पुस्तक जाळणे आणि लुगडे पायघोळ नेसणे ही एकाच कामाची दोन अंगे होती. आज ते वाचताना लक्षात येते की बाबासाहेबांनी ठिगळाची लाज मानायला सांगितले नव्हते. दुसऱ्याच्या हुकमाची लाज मानायला सांगितले होते.

मुलीने सगळे ऐकून घेतले. मग तिने विचारले, "पण आजी, मला कुणी टाकून दिला नाही. मी माझ्या पैशाने, माझ्या आवडीने घेतला. तरी तो उतरलेलाच का?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. आई बराच वेळ गप्प बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खाटेखालची लोखंडी पेटी ओढली, तळाशी हात घातला आणि जुन्या धोतरात गुंडाळलेला एक काळा कोट काढला. आमच्या वडिलांचा. आबांचा.

"जुनंच घालायचंय ना?" ती नातीला म्हणाली. "मग आपलं घाल."

कोटाचा इतिहास

आबा गिरणीत रिंगखात्यात होते. साच्यावर, म्हणजे विणकामावर पगार जास्त असे, पण पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना साच्यांवर घेत नसत. कारण धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि आपला उष्टा धागा इतरांना चालत नसे. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला आणि संपाच्या पुढाऱ्यांना तो मागण्यांत घ्यायला लावला. म्हणजे या मुंबईत कापड विणण्याचाही हक्क आपल्याला मागून घ्यावा लागला. आबा गिरणीत लागले तोवर कायदा आणि काळ दोन्ही बदलले होते. पण त्यांच्या वडिलांचे आयुष्य रिंगखात्यातच गेले आणि वशिल्याने आबाही तिथेच लागले.

1962 साली आबांचे लग्न ठरले. त्या काळी चाळीतले तरुण लग्नाला भाड्याचा कोट आणीत. फोटो स्टुडिओतही एक कोट खिळ्याला टांगलेला असे. ज्याला हवा त्याने तो चढवावा, फोटो काढावा, काढून ठेवावा. अनेक घरांतल्या जुन्या फोटोंत वेगवेगळे नवरदेव एकाच कोटात दिसतील, खांदे उतरलेले, बाह्या लांब. त्यात लाजण्यासारखे काही नाही, गरिबी होती. पण आबांनी ठरवले की कोट स्वतःचा घ्यायचा. भिंतीवर बाबासाहेबांचा सुटातला फोटो होता, आणि आबा म्हणत की बाबासाहेब दुसऱ्याच्या कोटात उभे राहिले नाहीत. रेमंडचे लोकरी कापड घेतले, तीन हप्त्यांत पैसे फेडले, आणि परळच्या एका शिंप्याकडून शिवून घेतला.

तो कोट आबांनी फार वेळा घातला नाही. लग्नात घातला. दरवर्षी 14 एप्रिलच्या मिरवणुकीत घातला, उकाड्यात घामाघूम होऊन घातला. आम्हांला शाळेत घालायला आले तेव्हा घातला. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि अनेकांना गिरणीचे फाटक पुन्हा कधी उघडलेले दिसले नाही. त्या दोन वर्षांत घरातल्या बऱ्याच वस्तू गेल्या. आईच्या पाटल्या गेल्या, पितळेची भांडी गेली, सायकल गेली. बोहारीण दारी आली होती; लोकरी कोटाला मोठे स्टीलचे पातेले देते म्हणाली. आईने दार लावून घेतले. कोट राहिला.

आबा 1990 नंतर फार काळ जगले नाहीत. आम्ही नालासोपाऱ्याला राहायला आलो, पेटी आली, कोट पेटीत राहिला. आई वर्षातून दोनदा तो उन्हात टाकते, हे आम्हांला माहीत होते. तिने तो का ठेवला, हे मात्र आम्ही कधी विचारले नव्हते.

सांडोरच्या ओट्यावर

म्हणून आम्ही, मुलगी आणि कोट असे तिघे सांडोरला गेलो. मास्तरांचे घर वाडीत आहे. ओट्यावर मशीन, भिंतीला लाकडी पट्टी, खिळ्याला टेप. वहिनींनी पाणी दिले. मास्तर आता थकले आहेत, चष्म्याच्या काचा जाड झाल्या आहेत, पण कोट हातात घेतल्यावर बोटे पहिल्यासारखीच चालू लागली.

"काय भाऊ, हा आपल्या दुकानातला नाही," ते म्हणाले.

"नाही मास्तर. दुकानाच्या आधीचा."

त्यांनी कोट उलटा केला. आधी आतली बाजू पाहतात ते खरे शिंपी. त्यांनी मुलीला जवळ बोलावून एकेक दाखवायला सुरुवात केली. छातीचा कॅनव्हास बोटांनी दाबून म्हणाले, हा हाताने टाचलेला आहे. आता गोंदाने चिकटवतात आणि चार धुण्यांत फुगे येतात. बाहीच्या टोकाशी आत दोन इंच कापड दुमडलेले होते. "बघ पोरी, शिंप्याने कापड कापून टाकले नाही, आत ठेवले. माणूस जाड होईल, बारीक होईल, कोट मुलाला जाईल, हा विचार शिवतानाच केलेला आहे." अस्तर काखेत फाटले होते आणि तिथे पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा बारीक टाक्यांनी लावलेला होता. मास्तर त्या टाक्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. "हे शिंप्याचे काम नाही. घरच्या बाईचे आहे. पण टाके बघ, एकसारखे."

ते टाके आईचे. संपाच्या वर्षातले.

कॉलरखाली कसरीने दोन भोके पाडली होती. मास्तरांनी शिवणीच्या आतून एक धागा काढला आणि काडी लावली. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरगळली. "शुद्ध लोकर," ते म्हणाले. वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळते आणि कडक मणी तयार होतो. लोकर जळते ती केसाच्या वासाने. बाजारात 'जुनी लोकर' म्हणून काहीही विकतात, तेव्हा आतल्या शिवणीतला एक धागा पुरे.

मुलीने आरशासमोर कोट घातला. खांदे तिला मोठे होत होते. तिला वाटले होते की मास्तर तो कापून तिच्या मापाचा करतील. मास्तरांनी मान हलवली. "खांद्याला हात लावायचा नाही. खांदा म्हणजे कोटाचा कणा. बाही दुमडून आत घेतो, कंबरेत थोडा दाबतो, अस्तर नवे लावतो. भोकांना आतल्या कापडातलाच तुकडा देतो. पण कापणार काही नाही. तुला नको झाला तर उसवले की पुन्हा होता तसा होईल."

"आणि काका, तो पांढरा तुकडा?" मुलीने विचारले. "नवे अस्तर लावताना तो काढणार?"

मास्तरांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही. मग ते तिलाच म्हणाले, "तू सांग."

"राहू द्या. त्याच्यावरून अस्तर लावू नका. तेवढे उघडे ठेवा."

मजुरीचे विचारले तर मास्तर आधी नको म्हणाले, जुने संबंध. मुलीने आपल्या शिकवणीच्या पैशांतून पाकीट काढले आणि म्हणाली, आमच्या घरात कपडे फुकट घेत नाहीत. वहिनी हसल्या. मास्तरांनी पैसे घेतले, मोजले आणि वहीत लिहिले. पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो आणि कोट घेऊन आलो.

उतरलेले आणि उचललेले

परतताना गाडीत मुलीने पुन्हा तोच प्रश्न काढला. मग आपण जुना कपडा विकत घेऊच नये का? आम्ही तिला चीवराची गोष्ट सांगितली. भिक्खूंची चीवरे सुरुवातीला कशाची होती? उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या टाकलेल्या चिंध्यांची. पांसुकूल म्हणतात ते हेच. त्या उचलायच्या, धुवायच्या, रंगवायच्या आणि शिवायच्या. आनंद थेराने मगधातल्या भातशेतांच्या बांधांसारखी जोडणी करून चीवराचा नमुना बसवला, तो आजही तसाच आहे. विनयात अशीही हकीकत आहे की कोसंबीच्या उदेन राजाने आनंदाला विचारले, इतकी नवी चीवरे मिळाली, आता जुन्यांचे काय कराल? आनंद म्हणाले, त्यांची पांघरुणे करू. ती जुनी झाली की गाद्यांच्या खोळी, मग बसकरे, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी बारीक करून मातीत कालवून लिंपू. कापडाचा एक धागा वाया गेला नाही.

आता पाहा. स्मशानातले कापड आपल्या पूर्वजांच्या अंगावर होते आणि भिक्खूंच्याही अंगावर होते. एकावर ते सक्तीने टाकले गेले, दुसऱ्याने ते आपल्या इच्छेने उचलले. कापड एकच, पण माणूस वेगळा झाला. आजी रागावली ती जुन्या कापडावर नव्हे, टाकणाऱ्या हातावर रागावली. नात हट्टाला पेटली तीही बरोबर होती, कारण तिच्या कापडामागे टाकणारा हात नव्हता. दोघींमध्ये भांडण नव्हतेच. मधे सत्तर वर्षांचे अंतर होते, आणि ते कुणीतरी सांगायला हवे होते. आपण मुलांना सांगितले नाही, तर ती बाजारातून शिकतील, आणि बाजार एवढेच शिकवील की जुने ते सोने.

आणि बाजाराला जुने म्हणजे काय ते पक्के ठाऊक आहे. युरोप-अमेरिकेतले उतरलेले लोकरी कपडे गठ्ठ्यांनी हरियाणातल्या पानिपतला येत आले आहेत. तिथे कामगार त्यांची बटणे आणि अस्तरे काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात, यंत्रात फाडून पुन्हा सूत काढतात आणि त्याचे कांबळे होते. एखाद्या साहेबाचा कोट असा कष्टकऱ्याच्या अंगावर कांबळे होऊन येतो. त्यात वाईट काही नाही. वाईट एवढेच की त्या फाडणाऱ्या हातांचे नाव कुठल्याही दुकानाच्या पाटीवर नसते. मोबाईलवर 'व्हिंटेज' म्हणून विकताना कापडाचे साल सांगतात; ते कुणी विणले, कुणी शिवले, कुणाचे पाय काउंटरमागे सुजले, हे सांगत नाहीत. ते आपण सांगायचे.

नागपूरजवळच्या चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टंकलेखन यंत्र जपून ठेवले आहे. वामनराव गोडबोले यांनी ते गोळा करून सांभाळले म्हणून आज आपल्याला पाहायला मिळते. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या स्मारक संग्रहालयातही माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू आहेत. तिथे गेलेला माणूस काचेपुढे थांबतो आणि शिवण पाहतो. आपल्या घरातल्या पेटीत बाबासाहेबांचा कोट नसेल, पण त्यांच्या सांगण्यावरून ज्याने स्वतःचा पहिला कोट शिवला, त्याचा असेल. आजीचे पहिले पायघोळ लुगडे असेल. संपातल्या बापाची खाकी पँट असेल. ते बोहारणीला देण्याआधी एकदा उलटे करून पाहा.

मायभगिनींसाठी मास्तरांनी दिलेल्या काही सूचना येथे देतो. लोकरी कपडा न धुता, न झटकता पेटीत टाकू नये. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते. वर्षातून निदान दोनदा ऊन द्यावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, धुतलेल्या सुती धोतरात किंवा साडीत गुंडाळावे. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नयेत, चिंधीत बांधून कडेला ठेवाव्यात. वाळलेला कडुनिंबाचा पालाही ठेवतात. आणि एका कागदावर लिहून ठेवावे की हा कपडा कुणाचा, कधी शिवला, कशासाठी घातला. कापड टिकते, आठवण सांगणारा माणूस टिकत नाही.

यंदाच्या 14 एप्रिलला मुलगी तो कोट घालून मिरवणुकीत चालली. उकाडा होता, ती घामाघूम झाली. आईला चालवत नाही, ती खुर्चीवर दारात बसून होती. मिरवणूक चाळीपुढून गेली तेव्हा तिने नातीला हाक मारून थांबवले, बाही वर करून काखेतला पांढरा तुकडा पाहिला आणि म्हणाली, "टाके अजून धरून हायेत. जा आता, म्होरं जा."